गांधार कुठून आणायचा?

मेटलची, म्हणजे कर्कश गिटारींच्या दणदणीत रॉकची, गाणी लाउंजच्या, म्हणजे हॉटेलातल्या निवांत, गुळगुळीत संगीताच्या थाटात म्हणणारे बहुतेक जण थट्टा करत असतात आणि ती थट्टा दुसऱ्यांदा ऐकताना शिळी वाटते. रिचर्ड चीझ या नावाने गाणारा अमेरिकन गायक त्यातला उस्ताद. टक्सिडो, पियानो, हलका स्विंग आणि मूळ गाण्यातल्या शिव्या जशाच्या तशा. डिस्टर्ब्ड या मेटल बँडच्या 'डाउन विथ द सिकनेस'मधली ती माकडासारखी आरोळी तो इतक्या लाडीगोडीने म्हणतो की हसून हसून पुरेवाट होते. २००४च्या 'डॉन ऑफ द डेड' या झॉम्बीपटात मॉलात अडकलेली माणसं दिवस ढकलत असतात, तिथे हे गाणं चपखल बसलंय. पण अख्खा अल्बम? माझ्याच्याने होत नाही.

त्यापेक्षा पॅट बून बरा. १९५०च्या दशकातला हा सोज्वळ गायक. साठी उलटल्यावर, १९९७ साली त्याने मेटलच्या गाण्यांचा 'इन अ मेटल मूड' हा अल्बम काढला. बिग बँडचा, म्हणजे जॅझच्या मोठ्या वाद्यवृंदाचा दणका, आणि 'होली डायव्हर'ला मागून साथ द्यायला खुद्द त्या गाण्याचा मूळ गायक रॉनी जेम्स डिओ! बून एका पुरस्कार सोहळ्यात चामड्याचे कपडे आणि खोटे टॅटू अशा अवतारात गेला, तर एका ख्रिस्ती वाहिनीने त्याचा कार्यक्रमच बंद केला. पण गडी मनापासून गायलाय.

मला खरा रस आहे तो वेगळ्याच गोष्टीत. मेटलचा रिफ, म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा येणारा तुकडा, पेटीवर वाजवून बघा. तो बहुतेक पॉवर कॉर्डवर उभा असतो. पॉवर कॉर्ड म्हणजे एकत्र वाजवलेले नुसते सा आणि प. गांधार, म्हणजे ग, नाहीच. डिस्टॉर्शनमध्ये, म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम खरखरीत केला की, दोन स्वर एकमेकांत मिसळून आणखी स्वर उमटतात. सा-प असले तर ते निभावून जातं, मध्ये गांधार घातला की चिखल. पियानोवर मात्र तेच सा-प उघडेबोडके वाटतात. म्हणजे लाउंजवाल्याला गांधार आणावा लागतो, आणि चालीतून तो स्पष्ट होत नसेल तिथे शुद्ध घ्यायचा की कोमल, हे त्याचं त्यानेच ठरवायचं. वर निषाद, रिषभ चढवायचे ते वेगळेच. लय उतरवणं त्यामानाने सोपं. गाण्याचा स्वभाव बदलतो तो या गांधाराने.

हेलसॉन्ग्ज हा स्वीडनमधल्या गॉथेनबर्गचा ग्रुप हे सगळं गंभीरपणे करतो. त्यांचं 'रन टू द हिल्स' ऐका. मूळ गाणं आयर्न मेडन या मेटल बँडचं, १९८२चं. गोऱ्यांनी उत्तर अमेरिकेतल्या मूळनिवासी क्री लोकांवर केलेल्या अत्याचारांचं. आधी त्या लोकांच्या तोंडून, मग सैनिकांच्या. मेडनच्या घोडदौडीत आपण मुठी वळून ओरडत सुटतो, कोण कोणाला मारतंय तिकडे लक्ष कोणाचं? (मीही त्यातलीच.) हेलसॉन्ग्जची तेव्हाची गायिका हॅरिएट ओल्सन ते कानाशी बोलल्यासारखं गाते. गिटार बेताची, मध्ये भरपूर मोकळी जागा. मग सैनिकांचं कडवं आलं की त्याच गोड आवाजातून कत्तलीची फुशारकी ऐकू येते. हसू येत नाही.

सगळ्याच मेटलचं असं होणार नाही. जिथे गायक पहिल्यापासून शेवटपर्यंत नुसता गुरगुरतो, त्या डेथ मेटलमध्ये गळ्याने उचलावी अशी चालच नसते. तिथे लाउंजवाल्याला चाल स्वतःच रचावी लागेल, आणि मग त्याला कव्हर, म्हणजे दुसऱ्याचं गाणं आपल्या पद्धतीने गाणं, तरी कसं म्हणायचं?