चौसष्ट शेंगदाणे

दुपारी दोन चाळीसला बुद्धिबळ स्पर्धेची पाचवी फेरी संपली आणि आठ वर्षांची पोर बाथरूममध्ये जाऊन आतून कडी लावून बसली. लातूरचं एक मंगल कार्यालय, एप्रिलचा शेवटचा रविवार, बाहेरच्या पत्र्याकडं बघवत नव्हतं असं ऊन. नऊ वर्षांखालचा गट, सात फेऱ्या, प्रत्येकाला पंधरा मिनिटं आणि दर चालीला पाच सेकंद वाढीव. पहिल्या चार फेऱ्यांत तिचे चार गुण होते. पाचव्या फेरीत एक हत्ती जास्तीचा असताना ती हरली. सहाव्या फेरीला वीसेक मिनिटं उरली होती आणि तिचे पप्पा दारावर थापा मारत होते. "सर आलेत बघ! बाहेर ये म्हणतो ना!"

तिच्या क्लासचा सर म्हणजे मी. आधी पप्पांना तिथून हलवणं भाग होतं. आत रडणाऱ्या लेकराला दारावरची थाप म्हणजे अजून एक शह वाटतो. त्यांना म्हटलं, "तुम्ही पंचांकडं जा, सहावी फेरी किती वाजता ते विचारून या. नाव काढून घेऊ नका." नाव काढायचंच असेल तर पेअरिंग (कोण कुणाशी खेळणार ती यादी) लागायच्या आत पंचांना सांगावं लागतं. न सांगता गैरहजर राहिलं तर समोरचं लेकरू रिकाम्या खुर्चीपुढं बसून राहतं आणि पंच आपलं नाव पुढच्या फेऱ्यांतून काढून टाकतात. अंग गरम आहे, उलटी झाली, डोकं ठणकतंय, असं काही असेल तर मी वाद न घालता घरी पाठवतो, उन्हाळ्यात हे होतंच. पण निव्वळ हरण्यापायी घरी नेलं तर पोरीला एवढंच कळतं की कडी लावली की सुटका होते.

दाराशी मी खाली बसलो आणि काहीच बोललो नाही. दोन-तीन मिनिटांनी आतून आवाज आला, "कार्लसननं पण आपटलं होतं."

म्हणजे पटावरच्या मोहऱ्या हातानं उधळल्याचं तिला टोचत होतं. पंचांनी ताकीद दिली होती. आणि तिचं म्हणणं खरं होतं. जून 2025 मध्ये नॉर्वे चेस स्पर्धेत भारताच्या गुकेशकडून हरल्यावर माजी जगज्जेत्या मॅग्नस कार्लसननं टेबलावर मूठ आपटली, मोहऱ्या उडाल्या. ती क्लिप आमच्या क्लासमधल्या प्रत्येक पोरानं पाहिली आहे.

"आपटलं की," मी म्हटलं. "मग त्यानं हात मिळवला, सॉरी म्हणाला. तुझं तेवढंच राहिलंय."

कडी निघाली. ते काही माझ्या शहाणपणानं नव्हे. तेवढ्यात तिची आजी पिशवी घेऊन आली होती. तिनं नातीकडं बघितलं आणि विचारलं, "हरलीस व्हय? बरं. हात धू, धपाटं खा."

इतक्या वर्षांत हरलेल्या लेकराशी बोलावं कसं यावर याहून नेमकं वाक्य मी ऐकलेलं नाही. "काही हरकत नाही, पुढच्या वेळी जिंकशील" यात पुढच्या वेळचं ओझं असतं. "तू तर जिंकतच होतीस" हे तर जखमेवर मीठ. "तो तुझ्यापेक्षा लहान होता ना?" हे पप्पांचं वाक्य. आजीच्या वाक्यात प्रश्न होता, उत्तर मान्य होतं आणि लगेच करायचं काम होतं.

धपाट्याचं महत्त्व दुसऱ्याही कारणानं. चारावर चार झाल्यावर जेवायच्या सुट्टीत ती जेवलीच नव्हती. पप्पांनी मोबाइलवर चेस-रिझल्ट्स ही निकालांची वेबसाइट उघडून पाचव्या फेरीतला मुलगा कोण, त्याचं रेटिंग किती, आधी कुणाकुणाला हरवलं हे तिला वाचून दाखवलं होतं. आठ वर्षांचं मूल सकाळी साडेनऊपासून बसलेलं, पोटात एक बिस्किटाचा पुडा, हॉलमध्ये कूलरची घरघर. तिसऱ्या-चौथ्या फेरीनंतर खेळ घसरतो तो बहुतेक वेळा बुद्धिबळामुळं नसतो. आमच्या क्लासचा नियम असा: दोन फेऱ्यांच्या मध्ये आधी पाणी, मग लघवी, मग दोन घास (धपाटं-दही, केळ, गूळ-शेंगदाणे; भात-वरण पोटभर नको, डोळे मिटतात), मग हॉलच्या बाहेर सावलीत एक चक्कर. फोन नाही. आणखी एक क्षुल्लक वाटणारी गोष्ट: मंगल कार्यालयाच्या खुर्च्या मोठ्यांच्या असतात, लहान मूल बसलं की पट हनुवटीशी येतो आणि पलीकडच्या कोपऱ्यातला हत्ती दिसतच नाही. दोन प्लास्टिकच्या खुर्च्या एकात एक घालून द्यायच्या. पंचांना आधी विचारलं तर कुणी नाही म्हणत नाही.

डाव कसा हरली हे मी त्या वीस मिनिटांत विचारलं नाही. ते आम्ही सोमवारी संध्याकाळी क्लासमध्ये काढलं. रॅपिडमध्ये, म्हणजे अशा कमी वेळाच्या डावांत, चाली लिहाव्या लागत नाहीत, पण अशा पोरांना अख्खा डाव तोंडपाठ असतो. तिनं चौतिसाव्या चालीपर्यंत एकदाही न अडखळता मांडून दाखवला. माझी पद्धत अशी की आधी मूल बोलतं, मी फक्त तीन प्रश्न विचारतो: तुला कुठं भीती वाटली? तो काय करणार असं तुला वाटत होतं? घड्याळात किती वेळ होता? संगणकाचं विश्लेषण सगळ्यात शेवटी. स्टॉकफिश हा बुद्धिबळाचा प्रोग्राम आधी लावला की पडद्यावरची कोण वरचढ ते दाखवणारी पट्टी खाली-वर होते, मूल त्या पट्टीकडं बघतं आणि स्वतःचं डोकं बंद करतं.

झालं होतं असं. समोरच्या मुलानं हत्तीनं शह दिला. तिनं शह बघितलाच नाही, लांबचा एक उंट फुकट दिसला म्हणून वजिराला हात घातला. त्यानं लगेच हात वर केला, "टच मूव्ह." पंच आले. नियम सरळ आहे: हात लावलेल्या मोहऱ्याची एक जरी कायदेशीर चाल असेल तर तोच हलवावा लागतो. एकही नसती तर तिला राजा हलवता आला असता. पण तिच्या वजिराची नेमकी एक चाल होती, शहाच्या वाटेत आडवं उभं राहायची, आणि तिथं त्याला पाठिंबा नव्हता. हत्तीनं वजीर खाल्ला. "मी नुसता नीट ठेवत होते" असं ती म्हणाली होती. तसं असेल तर हात लावायच्या आधी, आपली पाळी असताना, "अ‍ॅडजस्ट" म्हणावं लागतं.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर जास्त बोलकं होतं. घड्याळात अकरा मिनिटं शिल्लक होती. हुशार मुलांचं हेच दुखणं. त्यांना चाल पटकन दिसते, दहातल्या नऊ वेळा ती बरोबरही असते, म्हणून डोळ्यामागोमाग हात जातो. उपाय कंटाळवाणा आहे: दोन्ही हात मांडीखाली. समोरच्याची चाल झाली की मनात "शह? मार? धमकी?" एवढं म्हणायचं आणि मगच हात बाहेर काढायचा. हे सांगून होत नाही, क्लासमध्ये रोज दोन डाव तसे खेळावे लागतात. वहीत तिनं एकच ओळ लिहिली, "शह न बघता हात काढला." एका डावाला एकच ओळ. चार चुका लिहायला लावल्या की वही शिक्षेची होते.

परत त्या दुपारकडं. धपाटं खाल्ल्यावर रडं थांबलं, पण ती म्हणाली, "मी हरते म्हणजे मी हुशार नाही." पप्पा परत आले होते, त्यांनी लगेच, "चॅम्पियन असं हरत नसतात बेटा." मी म्हटलं, "गुकेश 2024 मध्ये सिंगापूरला जगज्जेता झाला ना, तो सामन्यातला पहिलाच डाव हरला होता. बारावाही. चौदा डावांत तीन जिंकला, दोन हरला, नऊ बरोबरीत." पप्पा गप्प झाले. वाईट माणूस नाही. तालुक्याच्या गावी कृषी सेवा केंद्र चालवतात आणि पोरीसाठी रविवारची दुकानदारी सोडून येतात. पण लातूर पॅटर्नच्या मुलखात मुलानं पाणी प्यायच्या आधी त्याला नंबर विचारायची सवय आपल्या सगळ्यांनाच लागली आहे.

पोरीला मात्र गुकेश पुरला नाही. अशा मुलांना धीर नको असतो, हिशेब हवा असतो. आजीच्या पिशवीत भाजलेल्या शेंगा होत्या. माझ्याकडं रेक्झिनचा गुंडाळी पट होता, तो ओट्यावर पसरला. आमच्या गटात मुलं 61 होती, सोयीसाठी 64 धरली. प्रत्येक घरात एक शेंगदाणा.

"पहिली फेरी. बरोबरी कुणाचीच नाही. किती जिंकले?"

"बत्तीस." अर्धे एका बाजूला केले.

स्विस पद्धतीत सारख्या गुणांची मुलं एकमेकांशी लागतात, म्हणजे जिंकलेले जिंकलेल्यांशी. दुसऱ्या फेरीनंतर न हरलेले 16, मग 8, मग 4. "आता तू इथं होतीस." तिनं चार शेंगदाण्यांतल्या एकावर बोट ठेवलं. पाचव्या फेरीनंतर दोन, सहाव्यानंतर एक. चौसष्टमधल्या त्रेसष्ट जणांना संध्याकाळपर्यंत एकदा तरी हरावंच लागणार, कुणीही कितीही हुशार असो. ही पद्धतच अशी बनवलेली आहे की जिंकत राहिलं की तुला हरवू शकणारं माणूस शोधून ती तुझ्यासमोर बसवते.

ती बराच वेळ पटाकडं बघत राहिली. मग तिनं सगळे शेंगदाणे परत घेतले आणि हरलेल्यांचेही ढीग लावायला सुरुवात केली. मला वाटलं खेळतेय. सहा फेऱ्यांनंतरचे सात ढीग तिनं ओट्यावर ओळीनं मांडले: 1, 6, 15, 20, 15, 6, 1. सहा गुणांपासून शून्यापर्यंत.

"सर, सगळ्यात जास्त पोरं तीन गुणांची." मग, "मग सातव्या फेरीत हा एकटा कुणाशी खेळतो?"

"पाच गुणवाल्यांतल्या एकाशी."

"म्हणजे त्याला अजून हरता येतं."

"येतं की."

तिनं तो एकटा शेंगदाणा उचलून खाल्ला. सहाव्या फेरीचं पेअरिंग भिंतीवर लागलं होतं. आत जाताना ती पाचव्या फेरीतल्या पोरापाशी थांबली, नांदेडचा सात वर्षांचा मुलगा, आणि हात पुढं केला. तो आधी दचकला.

सहावी फेरी ती हरली, साधी, कुठंही घोळ न होता. घड्याळ थांबवलं, हात मिळवला, मोहऱ्या लावल्या, पंचांना निकाल सांगितला. हा क्रम आम्ही क्लासमध्ये जिंकलेल्याकडूनही करून घेतो, म्हणजे हरल्यावर हाताला तो ओळखीचा असतो. घरी मुद्दाम हरणाऱ्या पालकांना मी हात जोडतो. मुलांना ते कळतं आणि मग खऱ्या जिंकण्यावरचाही विश्वास उडतो. त्यापेक्षा स्वतःचा वजीर काढून खेळा. मूल सारखं जिंकायला लागलं की वजीर परत ठेवून हत्ती काढा, मग घोडा. किंवा मोहऱ्या पूर्ण ठेवून स्वतःला दोन मिनिटं, मुलाला दहा. दहातले चार-पाच डाव मूल खरोखर हरेल असा तोल साधला की हरणं हा घरातला रोजचा पाहुणा होतो.

पप्पांनी मध्येच रेटिंगचं विचारलं. क्लासिकल, म्हणजे लांब वेळाच्या डावांच्या स्पर्धा खेळवल्या तर काय? अठराच्या आतल्या, 2300 रेटिंगच्या खालच्या मुलांना क्लासिकलमध्ये के-फॅक्टर (एका डावानं रेटिंग किती हलतं तो गुणक) 40 असतो. स्वतःपेक्षा 100 गुणांनी कमी रेटिंगच्या खेळाडूशी जिंकायची अपेक्षा 0.64 धरतात, म्हणून त्याच्याशी हरलं की 40 गुणिले 0.64, म्हणजे जवळपास साडेपंचवीस गुण एका डावात गेले. वर चढतानाही असंच झपझप चढतं. शेअर बाजारासारखं रोज बघायचं असेल तर खेळवूच नका, म्हटलं. ते हसले, पण फोन खिशात गेला.

सातवी फेरी ती जिंकली आणि बाहेर आली. एकूण पाच गुण. पहिल्या दहांना ट्रॉफी, आणि पाच गुणांवर बरीच मुलं असणार, म्हणजे प्रश्न टायब्रेकचा, सारख्या गुणांत कोण वर ते ठरवण्याचा. बुखोल्झ म्हणजे काय हे तिला आधीच माहीत होतं: आपण ज्यांच्याशी खेळलो त्यांच्या गुणांची बेरीज. ज्यानं आपल्याला हरवलं तो जितका पुढं जाईल तितका आपला बुखोल्झ वाढतो.

आतमध्ये पहिल्या टेबलावर नांदेडच्या त्या पोराचा डाव अजून चालू होता. ती दारापाशी टाचा उंचावून उभी राहिली. आजी म्हणाली, "आता काय बघलालीस? झालं की तुझं."

"थांब ना आजी. तो जिंकला पाहिजे."

दहा मिनिटांनी पंचांनी दोघांची घड्याळं थांबवली. ती माझ्याकडं वळली, "बरोबरी. म्हणजे अर्धाच," आणि वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलनं बेरीज करायला लागली.