मोंटाना: एकट्यानं उभी राहिलेली माणसं

मोंटाना हे अमेरिकेचं राज्य आकारानं महाराष्ट्रापेक्षा मोठं आहे. क्षेत्रफळ सुमारे ३ लाख ८० हजार चौरस किलोमीटर, आणि २०२०च्या जनगणनेत माणसं १० लाख ८४ हजार. अख्ख्या राज्याची वस्ती आपल्या नाशिक शहराहूनही कमी. गवताळ माळावरून तासन् तास गाडी पळते, मध्येच गुरांचा कळप दिसतो, धान्याचा उंच कोठार दिसतो, आणि पुन्हा माळ. बहुतेक लोक इथे यलोस्टोन आणि ग्लेशियर ही राष्ट्रीय उद्यानं पाहायला येतात. मला इथल्या काही माणसांची घरं आणि गावं बघायची होती. भाची बोझमनच्या विद्यापीठात शिकते, गाडी तिनेच चालवली.

सुरुवात बिलिंग्जपासून. तिथून दक्षिणेला तासाभराच्या आत प्रायर हे खेडं येतं. ही क्रो लोकांची राखीव जमीन आहे, ते स्वतःला अप्सालुके म्हणवतात. गावाबाहेर झाडांच्या सावलीत चौकोनी तासलेल्या ओंडक्यांचं दुमजली घर उभं आहे. क्रो जमातीचे शेवटचे पारंपरिक प्रमुख प्लेंटी कूज यांचं हे घर. जवळच झरा आहे, तो आजही पवित्र मानला जातो. अनेक जण तिथे काही तरी ठेवून जातात, त्याला हात लावायचा नाही.

प्लेंटी कूज यांचा जन्म १८४८चा. पोरवयात ते डोंगरावर उपाशीपोटी बसले आणि त्यांना दृष्टांत झाला: माळावरचे गवे नाहीसे झाले आणि त्यांच्या जागी ठिपक्याठिपक्यांची अनोळखी जनावरं आली. मग चारी दिशांचे वारे एकदम सुटले, सगळं जंगल आडवं झालं, एकच झाड उरलं. त्या झाडावर चिकडीचं घर होतं. चिकडी हा चिमणीहून लहान पक्षी, अंगात बळ नाही, पण सगळ्यांचं ऐकून घेतो आणि दुसऱ्यांच्या अनुभवावरून शिकतो. जमातीच्या वडीलधाऱ्यांनी याचा अर्थ असा लावला की गोरे येणार, गुरं आणणार, आणि टिकायचं असेल तर लढून नव्हे, ऐकून आणि शिकून टिकावं लागेल.

क्रो लोकांनी गोऱ्यांशी युद्ध केलं नाही, उलट सू आणि शायेन जमातींविरुद्धच्या १८७६च्या मोहिमेत लष्कराला वाटाडे दिले. यावरून त्यांच्यावर आजही टीका होते. १८५१च्या करारात त्यांच्याकडे सुमारे ३ कोटी ८० लाख एकर मुलूख होता. १८६८मध्ये तो ८० लाखांवर आला, आज २३ लाखांच्या आसपास आहे. मैत्रीची ही किंमत बघून पोटात तुटतं. पण ते घर बघताना मला दुसरी बाजूही दिसत होती. उरलेली जमीनही खुली करून घेण्याचे प्रयत्न झाले, तेव्हा हा माणूस पुन्हा पुन्हा वॉशिंग्टनला गेला, खासदारांपुढे बसला आणि जमीन राखली. जिथे त्यांचे पूर्वज राहत होते, त्याच मुलखात क्रो आजही आहेत. फार थोड्या जमातींना हे म्हणता येतं.

१९२१च्या ११ नोव्हेंबरला आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत अज्ञात सैनिकाचं दफन झालं. तिथे सगळ्या मूळनिवासी जमातींच्या वतीने प्लेंटी कूज यांना बोलावलं होतं. त्यांनी आपला पिसांचा युद्धमुकुट आणि मानाची काठी त्या कबरीवर ठेवली. जॉर्ज वॉशिंग्टन यांचं माउंट व्हर्नन येथील घर लोकांसाठी खुलं आहे हे त्यांनी पाहिलं होतं. त्यावरून त्यांनी आपलंही घर आणि जमीन १९२८मध्ये लोकांना देऊन टाकली. ती फक्त क्रो लोकांसाठी नव्हती, सगळ्यांसाठी होती. ज्यांनी त्यांचा मुलूख घेतला, त्यांच्या नातवंडांसाठीसुद्धा. १९३२मध्ये ते गेले. त्यांची कबर तिथेच आहे.

बिलिंग्जला परत येऊन पूर्वेला निघालं की यलोस्टोन नदी सोबतीला येते. वाटेत पॉम्पीज पिलर हा वालुकाश्माचा सुळका लागतो, त्यावर शोधप्रवासी विल्यम क्लार्क यांनी २५ जुलै १८०६ रोजी कोरलेली सही काचेमागे जपली आहे. पुढे माइल्स सिटी. हे गुराख्यांचं गाव, घोड्यांच्या खोगिरांच्या दुकानांचं. पण मी आलो होतो लस-संशोधक मॉरिस हिलमन यांच्यासाठी.

३० ऑगस्ट १९१९ला हिलमन इथे जन्मले. जुळी बहीण मृतच जन्मली, दोन दिवसांनी आई गेली. काका-काकूंनी जवळच्या शेतावर वाढवलं. कोंबड्यांची देखभाल, भाजी विकणं, हे लहानपण. शाळा संपल्यावर गावातल्या जे. सी. पेनी दुकानात नोकरी हेच पुढचं आयुष्य दिसत होतं. थोरल्या भावाने कॉलेजचं सुचवलं, शिष्यवृत्ती मिळाली आणि पोरगा बोझमनला शिकायला गेला. भाची एकदम म्हणाली, “मामा, म्हणजे आमच्याच कॉलेजात! आणि मला हे नाव कुणी सांगितलंच नाही.”

हे नाव कुणालाच माहीत नसतं. चाळीसच्या वर लशी या एका माणसाच्या कामातून आल्या. १९५७च्या एप्रिलमध्ये हाँगकाँगमधल्या तापाची बातमी वाचून त्यांनी ओळखलं की ही फ्लूची नवी साथ आहे. विषाणूचा नमुना मागवला, आणि कोंबडीपालकांना निरोप धाडला की कोंबडे कापू नका, लशीसाठी अंडी लागतील. हिवाळ्याआधी ४ कोटी मात्रा तयार होत्या. शेतावर वाढलेल्या माणसालाच कोंबड्यांची आठवण आधी येणार. १९६३मध्ये त्यांच्या लहानग्या मुलीला, जेरिल लिनला, गालगुंड झालं. त्यांनी तिच्या घशातला नमुना घेऊन प्रयोगशाळा गाठली आणि त्यातूनच गालगुंडाची लस तयार झाली. १९७१मध्ये गोवर, गालगुंड, रुबेला या तिन्हींची एकत्र लस आली. आपल्याकडच्या बाळांच्या लसीकरणाच्या कार्डावर ‘एमएमआर’ लिहिलेलं असतं, ती कल्पना या माणसाची. २००५मध्ये ते गेले. त्यातली गोवर आणि रुबेलाची दोन अक्षरं, ‘एमआर’, तरी आज आपल्या सरकारी कार्यक्रमातही आहेत. माइल्स सिटीत मला या माणसाच्या आठवणीचं आणखी ठळक काही तरी दिसायला हवं होतं.

तिथून पश्चिमेला लांबचा पल्ला मारून ग्रेट फॉल्सला पोचलो. चित्रकार चार्ल्स रसेल यांचं घर आणि टेलिफोनच्या खांबांपासून १९०३मध्ये बांधलेली चित्रशाळा इथे आहे. ते सोळाव्या वर्षी मोंटानात आले आणि गुरं राखायला लागले. १८८६-८७च्या हिवाळ्यात लाखो गुरं मेली. मालकाने गुरांची खबर विचारली, तेव्हा रसेल यांनी पत्राऐवजी पोस्टकार्डाएवढं एक चित्र धाडलं: बर्फात उभं हाडांचा सापळा झालेलं जनावर, भोवती टपलेले लांडगे. ते एवढंसं चित्र गुराख्यांच्या पिढीचा शेवट सांगतं.

ग्रेट फॉल्सहून वायव्येला ब्राउनिंगला गेलो. इथे ब्लॅकफीट जमातीची राखीव जमीन आहे, आणि इलूइज कोबेल यांचं काम इथलं. व्यवसायाने हिशेबनीस, जमातीच्या खजिनदार. १८८७च्या कायद्याने जमातींची जमीन तुकडे करून वाटली गेली. मालकी मूळनिवाशांच्या नावावर राहिली, पण कुरणं, तेल, लाकूड यांचं भाडं सरकार गोळा करणार आणि मालकांना देणार, असा तो व्यवहार होता. पैसे कधी आले, कधी नाही, आणि हिशेब तर कधीच मिळाला नाही. सातबाऱ्यावर नाव आपलं आणि पीक दुसऱ्याच्या खळ्यात, हे आपल्या शेतकऱ्याला समजावून सांगावं लागत नाही.

कोबेल यांनी आधी १९८७मध्ये जमातीची स्वतःची बँक सुरू करायला मदत केली. मग १९९६मध्ये सरकारवर दावा लावला. एकच प्रश्न होता: आमचा हिशेब द्या. खटला तेरा वर्षं चालला. २००९मध्ये ३४० कोटी डॉलरची तडजोड झाली, २०१०च्या डिसेंबरमध्ये ओबामा यांनी कायद्यावर सही केली. खरी रक्कम याहून कितीतरी मोठी होती असं त्यांच्या बाजूचे लोक म्हणत राहिले, आणि मला ते पटतं. २०११च्या ऑक्टोबरमध्ये कर्करोगाने त्या गेल्या.

राज्याची राजधानी हेलेनाच्या वाटेवर मिसूरी नदीकाठी कॅस्केड हे छोटं गाव आहे. १८३२च्या सुमारास टेनेसीत गुलामगिरीत जन्मलेल्या मेरी फील्ड्स इथे राहिल्या. आजारी मठाधिकारिणीची शुश्रूषा करायला १८८५मध्ये सेंट पीटर मिशनवर आल्या, मग बाग, कोंबड्या, सामानाची ने-आण सगळं सांभाळलं. बिशपने काढून टाकल्यावर १८९५मध्ये त्यांनी कॅस्केड ते मिशन टपालाचं कंत्राट घेतलं, तेव्हा त्या साठीच्या पुढे होत्या. बर्फात घोडे अडले की टपालाची पिशवी पाठीवर टाकून चालत निघायच्या. गावात त्या एकट्याच काळ्या होत्या. त्यांच्या वाढदिवशी गावातली शाळा बंद असायची. १९१४मध्ये त्या गेल्या, कबर गावाबाहेरच्या टेकडीवर आहे.

हेलेनाच्या विधानभवनात जिनेट रॅन्किन यांचा पुतळा आहे, पायथ्याशी कोरलंय की मी युद्धासाठी मत देऊ शकत नाही. १८८०मध्ये मिसूलाजवळच्या शेतावर त्या जन्मल्या. मोंटानात स्त्रियांना १९१४मध्ये मताधिकार मिळाला, त्या लढ्यात त्या पुढे होत्या. १९१६मध्ये त्या काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेवर, निवडून आल्या, अमेरिकेत अशी पहिली बाई. तेव्हा देशातल्या बहुतेक बायकांना मतदानाचा हक्कही नव्हता. शपथ घेतली त्याच दिवशी अध्यक्ष विल्सन युद्धाची परवानगी मागायला आले. चार दिवसांनी मतदान झालं आणि त्यांच्यासह पन्नास जणांनी विरोध केला. पुढच्या निवडणुकीत त्या सिनेटला हरल्या.

१९४०मध्ये लोकांनी त्यांना पुन्हा निवडून दिलं. पर्ल हार्बर झालं, आणि ८ डिसेंबर १९४१ रोजी युद्धाच्या बाजूने ३८८ मतं पडली, विरोधात एक. सभागृहात संताप उसळला, गर्दी टाळायला त्या टेलिफोनच्या खोपट्यात शिरल्या आणि पोलिसांनी त्यांना कार्यालयात पोचवलं. जपानशी लढायला नको होतं असं मी म्हणणार नाही, त्या मताशी मी सहमत नाही. पण तीनशे अठ्ठ्याऐंशींपुढे त्या खुर्चीत बसून ‘नाही’ म्हणायला काय लागत असेल, याचा विचार पुतळ्यासमोर उभं राहिलं की सोडता येत नाही. १९४२मध्ये त्यांनी निवडणूक लढवलीच नाही.

त्यानंतर त्या भारतात आल्या, पहिल्यांदा १९४६मध्ये. गांधीजींची अहिंसा समजून घ्यायला पुढच्या पंचवीस वर्षांत त्या सातदा आल्या. मोंटानाच्या शेतावरची बाई आपल्याकडच्या गावांत गेली, हे मला इथे येईपर्यंत नीटसं माहीत नव्हतं. १९६८च्या जानेवारीत व्हिएतनाम युद्धाविरुद्ध वॉशिंग्टनमध्ये बायकांचा मोर्चा निघाला. त्याला त्यांचंच नाव होतं आणि पुढे चालत होत्या सत्त्याऐंशी वर्षांच्या रॅन्किन. १९७३मध्ये त्या गेल्या.

मिसूलात त्यांच्या नावाचं शांतता केंद्र आहे. आम्ही तिथे गेलो, मग ग्रँट क्रीकच्या दिशेने गाडी घेतली. त्या शेताचा माग काढत फार आत शिरलो नाही, खासगी जमीन आहे. तुम्ही जाणार असाल तर उन्हाळ्यात जा, पेट्रोल पुढच्या गावाआधीच भरून घ्या, प्रायरला सकाळीच पोचा. आणि ब्राउनिंगमध्ये ग्लेशियरच्या घाईत न थांबता निघून जाऊ नका, तिथल्या मैदानी जमातींच्या संग्रहालयाला किमान दोन तास द्या.