नीर बंत्री!

आमच्या बेळगावच्या शहापुरातल्या बोळात चौथ्या-पाचव्या दिवशी पाणी येतं, आणि येतं ते रात्रीचं. कधी दीडला, कधी साडेतीनला. आधी नळ नुसता घुरतो. पाइपात साठलेली हवा पाण्यापुढं पळत येते, नळ दोनदा खोकतो, गढूळ पाण्याची एक पिचकारी मारतो आणि मग धार धरतो. या खोकल्यानं जाग यायची सवय आम्हाला लहानपणापासून. वयानं ती आता जरा मोडलीय. मग भिंतीपलीकडून अक्कांची हाक येते, "सर, नीर बंत्री!" म्हणजे पाणी आलं हो. अक्का एरवी आमच्याशी छान मराठी बोलतात, पण पाणी, साप आणि सिलिंडरवाला या तिघांपैकी कुणीही आलं की त्यांच्या तोंडून कन्नडच निघतं.

अशा घरात चिरंजिवांनी पुण्याहून वॉटर लीक डिटेक्टर पाठवला, पाणी गळलं की वर्दी देणारी डबी. निमित्त आमचंच. दिवाळीत आठ दिवस त्याच्याकडं गेलो होतो. निघताना मी मोरीतला नळ उघडून बघितला, कोरडा होता, तसाच सोडला. कोरडा नळ उघडून बघायचा आणि बंद करायचं विसरायचं, हा आमच्या बोळातला पिढीजात अपघात आहे. रात्री पाणी आलं, मोरीच्या तोंडाशी चिंधी अडकली होती, पाणी माजघरात शिरलं. परत येऊन बघतो तर कोठीतलं तांदळाचं पोतं खालून फुगून आंबलेलं. हिनं वर्षाचा तांदूळ भरला होता. त्यावर फार न लिहिलेलं बरं.

डबी राजगिऱ्याच्या लाडवाएवढी. उलटी केली की पोटाशी पितळी रंगाचे बारके खिळे दिसतात. जादू काय ती एवढीच. फरशीवर पाणी आलं की ते दोन खिळ्यांना जोडतं, पाण्यात विरघळलेल्या क्षारांमुळं त्यातून किंचित वीज वाहते, आणि डबी चिरकायला लागते. निव्वळ शुद्ध पाणी असतं तर वीज जवळजवळ वाहिलीच नसती. आमच्या नळाच्या पाण्याबाबत ती काळजी नाही.

चिरकणं मला लगेच कळलं. इंटरनेटला जोडायला मात्र अख्खा रविवार गेला. फोनवर पुण्याहून हुकूम सुटत होते. "बाबा, बटण पाच सेकंद दाबा. लाल दिवा भराभर लुकलुकतोय?" "लुकलुकतोय की." डबीला ना पडदा ना कळफलक, मग घरच्या वायफायचा पासवर्ड तिला सांगायचा कसा? तर ती घटकाभर स्वतःचंच एक इवलंसं वायफाय सोडते, आपला फोन त्यात शिरतो, तिच्या कानात पासवर्ड सांगतो आणि बाहेर येतो. तीनदा सांगितला, तीनदा नापास. शेवटी उलगडा झाला. आमचा राउटर दोन लहरींवर बोलतो, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. पाचवाली लहर वेगवान, पण भिंत आली की दमते. दोन-पॉइंट-चारवाली सावकाश, पण भिंतीतून बऱ्यापैकी आरपार जाते. अशा डब्यांना बहुधा तेवढी एकच कळते. मी तिची गाठ नेमकी पाचवालीशी घालत होतो. आमच्या घराच्या भिंती दीड हाताच्या, दगडमातीच्या. बांधणाऱ्या आजोबांनी उन्हाचा विचार केला होता, वायफायचा नाही.

जोडली गेली आणि डबी झोपली. खरंच झोपली. वायफायला बॅटरी फार लागते, म्हणून ती एरवी रेडिओ बंद करून पडून राहते. पाण्याचा स्पर्श झाला की उठायचं, राउटर गाठायचा, निरोप द्यायचा, पुन्हा आडवं व्हायचं. काही डब्या वायफायऐवजी झिग्बी नावाच्या कमी विजेच्या रेडिओवर चालतात. त्यांची बॅटरी जास्त पुरते, पण त्यांचं ऐकून राउटरला सांगायला मध्ये आणखी एक खोका लागतो, हब. चिरंजीव म्हणाला, घरात तेवढे मध्यस्थ कशाला.

निरोप असा जातो: मोरीतून राउटर, राउटरमधून फायबरच्या तारेनं कुठल्यातरी शहरातला सर्व्हर, तिथून चिरंजिवांचा फोन. कोगनोळीचा टोलनाका लागत नाही, सीमावाद आड येत नाही. निरोपही केवढा, तर तारेच्या भाषेत दोन शब्दांचा. अशा चिमुकल्या निरोपांसाठी एमक्यूटीटी नावाची बोलण्याची रीत सर्रास वापरतात. ती अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर या दोघांनी १९९९ साली काढली, रानोमाळ पसरलेल्या तेलवाहिन्यांवर उपग्रहामार्फत लक्ष ठेवायला. उपग्रहावरून बोलणं महाग, म्हणून शब्द मोजून. तेलवाहिनीची ती काटकसर आता आमच्या मोरीच्या कामी आलीय.

मामांना हे सांगितलं तर ते हसले. त्यांचं शेत खानापूरकडं, मोटर नदीकाठी. त्यांच्या स्टार्टरमध्ये कैक वर्षांपासून सिमकार्ड आहे. हे घरातून मोटरला फोन लावतात, मोटर चालू होते, वर उलट बोलते, "मोटर ऑन आगिदे." वायफाय नाही, राउटर नाही. "तुझी डबी मुकी रे," म्हणाले, "आणि तिचं घर पण पुण्यात."

हे दुसरं खरं होतं. ॲप चिरंजिवांच्या फोनवर. आमच्या मोरीत ओल आली की आधी पुण्यात कळायचं. पहिल्या आठवड्यात कामवाल्या मावशींनी फरशी पुसली, ओलं फडकं डबीखालून फिरवलं, आणि हा ऑफिसच्या मीटिंगमधून उठून फोन करतोय, "आई, पाणी!" ही देवपूजेत. "पाणी नाही रे, मावशी आहेत." शिवाय लाइट गेली की राउटर मुका. त्यासाठी बारा व्होल्टचा एक छोटा यूपीएस आला. घरात आता डबीपेक्षा तिच्या नोकरचाकरांची जागा जास्त.

मग एका रात्री पाणी आलं, नळ उघडाच होता, आणि तीन वाजून दहा मिनिटांनी पुण्याहून फोन. "बाबा, गळती!" मी धडपडत मोरीत गेलो. नळ धो-धो चालू. माणसानं काय करावं? बंद करावा. मी बादली लावली. मग घागर, मग पिंप, मग हिला उठवलं. तासाभरानं परत फोन, "मिळाली का गळती?" "गळती नाही रे, पाणी आलंय."

तेव्हापासून आम्ही नळ मुद्दामच उघडा ठेवतो आणि खाली परातीत डबी. ज्या देशात नळात चोवीस तास पाणी, तिथं पाणी फरशीवर आलं तर संकट. बेळगावातही २००८ पासून काही वॉर्डांत चोवीस तास पाणी आहे. तिथल्यांना ही डबी संकटाचीच वाटेल. आमच्याकडं ती आनंदवार्ता देते. चिरंजीव वैतागला, "उलटं वापरताय तुम्ही." आणि दुसऱ्याच दिवशी त्यानं ॲप माझ्या फोनवर चढवून स्वतःच्या फोनवरून मिटवून टाकलं.

अक्का हे सगळं भिंतीवरून बघत होत्या. "काय करालाय सर परातीत?" सांगितलं. त्या विचारात पडल्या आणि म्हणाल्या, "पण पाणी आधी माझ्याकडं येतंय की." बरोबर होतं. त्यांचं घर उताराला, दोन पायऱ्या खाली. आमच्या नळाला ठसका लागेपर्यंत त्यांची एक कळशी भरलेली असते. लवकर कळायचं तर डबी त्यांच्याच नळाखाली हवी. प्रश्न दगडमातीच्या भिंतीचा. राउटर माजघरातून काढून मोरीच्या खिडकीत आणला, विटेवर ठेवला, वर प्लास्टिक पांघरलं. पलीकडं लहरीची एकच दांडी दिसते. डबीला तेवढी पुरते.

परवा रात्री अडीचला फोन वाजला. अक्कांच्या नळाखालची बातमी, कुठल्या कुठं जाऊन माझ्या उशाशी आलेली. मी खिडकी उघडून ओरडलो, "अक्का, नीर बंत्री!"

पलीकडून डबीचं चिरकणं ऐकू येत होतं, आणि घागरीत पडणाऱ्या धारेचा आवाज.

"गोत्तैतरी, ठाऊक आहे," अक्का म्हणाल्या. "ह्याला गप्प कसं करायचं ते सांगा आधी."