ट्रेड होल्ड : अडकलेला ऐवज आणि अडलेला चोर

ऑनलाइन खेळांतील वस्तूंचा ट्रेड, म्हणजे देवाणघेवाण, करणाऱ्यांमध्ये एक तक्रार हमखास ऐकू येते. वस्तू माझी, देणारा मी, घेणारा राजी, मग मधे पंधरा दिवस ती कोण अडवून धरणार? रोख असतो तो स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानातील ‘ट्रेड होल्ड’वर, म्हणजे दिलेली वस्तू समोरच्याला मिळण्याआधी काही दिवस रोखून धरण्याच्या नियमावर. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचाच हा प्रकार, असे अनेकांना मनापासून वाटते. या तक्रारीत तथ्य नाही असे मी म्हणणार नाही, कारण भाव चढलेला असताना हातातली स्किन (खेळातल्या शस्त्राचे सजावटी रूप) विकता न येणे म्हणजे काय, हे ट्रेड करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. तरीही मी या विलंबाच्या बाजूने उभा आहे, कारण अकाउंट फोडणाऱ्याचा सगळा धंदा घाईवर चालतो आणि मालकाला मात्र चोरी लक्षात यायला वेळ लागतो.

चोरीचा क्रम बहुधा ठरलेला असतो. अकाउंट हाती येताच इन्व्हेंटरीतील, म्हणजे अकाउंटवरच्या साठ्यातील, मौल्यवान वस्तू दुसऱ्या अकाउंटवर जातात, तेथून तिसऱ्यावर, आणि मूळ मालक सकाळी लॉगिन करेपर्यंत त्या एखाद्या निरपराध खरेदीदाराच्या हाती पडलेल्या असतात. एकदा माल असा पचला की तो परत मिळवून देणे कंपनीलाही अवघड होते, कारण शेवटच्या खरेदीदाराने त्याची रास्त किंमत मोजलेली असते. स्टीम चालवणारी व्हॉल्व्ह कंपनी पूर्वी यावर एक सोपा उपाय करत असे : चोरीला गेलेल्या वस्तूची नक्कल तयार करून ती मालकाला देत असे. त्यामुळे मालक सुखावत असला, तरी दुर्मीळ वस्तूंची संख्या वाढून इतरांकडच्या त्याच वस्तूंचे मोल घसरत होते. म्हणजे एकाचे नुकसान सर्वांमध्ये थोडेथोडे वाटून दिले जात होते. आता स्टीम सपोर्टचे धोरण असे आहे की, कोणत्याही कारणाने अकाउंटबाहेर गेलेल्या वस्तू ते परत आणून देत नाहीत.

डिसेंबर २०१५ मध्ये व्हॉल्व्हने जाहीर केले की, दर महिन्याला सुमारे ७७,००० अकाउंट बळकावून लुटली जात आहेत. बळी पडणाऱ्यांत केवळ नवखे नव्हते, व्यावसायिक खेळाडू आणि मुरलेले ट्रेडरही होते, हेही कंपनीने आवर्जून नमूद केले. त्याच सुमारास ट्रेड होल्ड आला. ज्याच्या अकाउंटवर मोबाइल ऑथेंटिकेटर (लॉगिन व ट्रेडला फोनवरून मंजुरी देण्याची सोय) किमान सात दिवसांपासून सुरू नाही, त्याने दिलेल्या वस्तू तीन दिवसांपर्यंत स्टीमच्या ताब्यात राहतील, मात्र समोरचा किमान वर्षभर फ्रेंड लिस्टमध्ये असेल तर एकच दिवस, असा तो नियम होता. मार्च २०१६ मध्ये तीन दिवसांचे पंधरा दिवस झाले. त्या काळात वस्तू ना देणाऱ्याला वापरता येते, ना घेणाऱ्याला, आणि ट्रेड रद्द करण्याची सोय मात्र खुली राहते. पंधरा दिवस ऐकायला जाच वाटतात, पण खेळापासून आठवडाभर दूर असलेल्या माणसाला तीन दिवसांचा होल्ड असला काय आणि नसला काय, सारखेच.

सात दिवसांच्या अटीमागचे कारणही साधेच आहे. पासवर्ड मिळवलेल्या चोराने स्वतःच्याच फोनवर ऑथेंटिकेटर जोडला आणि लगेच ट्रेड पार पडले, तर होल्डला काही अर्थच उरणार नाही.

ऑथेंटिकेटर लावला की सुटलो, अशी समजूत झाली असेल तर एक फसवणूक जवळून पाहण्यासारखी आहे. खेळाडू एखाद्या बनावट साइटवर स्टीमच्या नावाने लॉगिन करतो. हल्ली लॉगिनची खिडकी त्या पानाच्या आतच रंगवलेली असते, वर खरा वाटणारा पत्ताही लिहिलेला असतो, आणि ती ओढून ब्राउझरच्या चौकटीबाहेर नेता येत नाही हीच तिची ओळख. लॉगिन करून झाले तरी काहीच घडत नाही, म्हणून खेळाडू निर्धास्त होतो. प्रत्यक्षात चोराने त्याच्या अकाउंटवर वेब एपीआय की (दुसऱ्या प्रोग्रामला त्या अकाउंटचे ट्रेड ऑफर पाहू आणि रद्द करू देणारी सांकेतिक किल्ली) तयार करून ठेवलेली असते. पुढे खेळाडू खरोखरच एखाद्या बॉटला (त्रयस्थ बाजाराच्या स्वयंचलित अकाउंटला) वस्तू पाठवू लागतो, तेव्हा ती की वापरून खरा ट्रेड ऑफर रद्द केला जातो आणि तेच नाव, तेच चित्र लावलेल्या दुसऱ्या अकाउंटकडून हुबेहूब तसाच ऑफर पुढे केला जातो. फोनवर कन्फर्म करण्याचे पान येते, त्यावर वस्तू ओळखीची, नाव ओळखीचे. वेगळे असते ते फक्त समोरच्या अकाउंटचे लेव्हल आणि ते कधी उघडले ती तारीख, आणि नेमक्या त्याच दोन ओळींवर कोणाची नजर जात नाही. खेळाडू स्वतःच्या बोटाने कन्फर्म करतो. येथे पासवर्ड, ऑथेंटिकेटर, होल्ड यांपैकी काहीही आडवे येत नाही. पुढे अशी की तयार करतानाही मोबाइलवर मंजुरी घेणे स्टीमने सक्तीचे केले, पण ती मंजुरीही लोक न वाचताच देऊ शकतात.

म्हणूनच कन्फर्म केल्यानंतरचा विलंब मला अधिक मोलाचा वाटतो. मार्च २०१८ मध्ये व्हॉल्व्हच्याच काउंटर-स्ट्राइक या नेमबाजीच्या खेळात ट्रेडमधून मिळालेली वस्तू सात दिवस पुन्हा ट्रेड करता येणार नाही, असा नियम आला. त्यामागचे कारण चोरीपुरते मर्यादित नव्हते : त्रयस्थ सेवांच्या स्वयंचलित अकाउंटांमधून एकच वस्तू आठवड्यात अनेकदा हात बदलत होती, तर खऱ्या खेळाडूंच्या वस्तू सहसा आठवड्यातून एकदाही फिरत नव्हत्या. जुलै २०२५ मध्ये काउंटर-स्ट्राइक २ साठी ट्रेड प्रोटेक्शन आले, आणि माझ्या मते आजवरचा सर्वांत विचारपूर्वक केलेला बदल हाच. वस्तू घेणाऱ्याला ती खेळात लगेच वापरता येते, पण सात दिवस ती पुढे देता येत नाही, बदलता येत नाही की खर्ची घालता येत नाही. त्या अवधीत मालकाला आपले ट्रेड उलटवता येतात. निवडून एखादाच ट्रेड उलटवण्याची मुभा मात्र नाही, गेल्या सात दिवसांतील त्या खेळाचे सगळेच ट्रेड उलटतात, आणि उलटवणाऱ्याच्या अकाउंटवर ट्रेड व मार्केटसाठी तीस दिवसांची बंदी येते. ही बंदी काहींना शिक्षा वाटते. मला ती आवश्यक वाटते, नाहीतर सौदा महाग पडला म्हणून उठसूट ट्रेड उलटवणाऱ्यांना आवरणे कठीण झाले असते.

या सोयीला दुसरी बाजू आहेच. स्टीमबाहेर रोख पैसे घेऊन स्किन विकणारा माणूस पैसे खिशात पडल्यावर ट्रेड उलटवू शकतो. वस्तू परत येते, पैसे परत जात नाहीत, आणि तो व्यवहार स्टीमच्या हिशेबात मुळी नसतोच. पूर्वी अशा सौद्यात धोका प्रामुख्याने आधी वस्तू देणाऱ्याला होता, आता आधी पैसे देणाऱ्यालाही आहे. सात दिवस उलटेपर्यंत विक्रेत्याचे पैसे राखून ठेवणे, एवढाच उपाय मधल्या बाजारांकडे उरतो.

इतर खेळांनीही वेळेचा असाच वापर केला आहे. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये दुसऱ्या खेळाडूला टपालाने पाठवलेली वस्तू तासाभराने पोहोचते. डायब्लो २ मध्ये समोरच्याने ट्रेडच्या खिडकीतील वस्तू बदलली, की स्वीकाराचे बटण काही क्षण बंद पडते, कारण चांगली वस्तू दाखवून ऐन वेळी तशीच दिसणारी फालतू वस्तू ठेवणे ही तेथील जुनी हातचलाखी. रूनस्केपने तर २००८ च्या सुरुवातीला मुक्त ट्रेडच मोडीत काढला. खेळातले सोने खऱ्या पैशांना विकणाऱ्यांचा त्रास कमी झाला, पण मित्राला मनाजोगी भेट देण्याची सोयही गेली, आणि फेब्रुवारी २०११ मध्ये कंपनीला तो पुन्हा सुरू करावा लागला. सरसकट बंदीपेक्षा विलंब परवडतो, हे सांगायला एवढे उदाहरण मला पुरेसे वाटते.

विलंबाचा लाभ मिळतो तो त्या दिवसांत कोणी पाहिले तरच. आपण न केलेला ट्रेड दिसला तर आधी वेब एपीआय की रद्द करावी, मग सर्व उपकरणांवरून लॉगआउट करून पासवर्ड बदलावा, आणि त्यानंतरच नवा ट्रेड करावा. आधी की काढली नाही, तर पासवर्ड बदलूनही पुढचा ऑफर पुन्हा त्याच बनावट बॉटकडून येऊ शकतो. ‘तुमची चुकून तक्रार केली, आता या कर्मचाऱ्याशी बोला’ असा अनोळखी माणसाचा निरोप आला तर तो फसवणूक समजून सरळ दुर्लक्षावा, कारण स्टीमचे कर्मचारी चॅटवर वस्तू तपासायला मागत नाहीत. माझी खरी तक्रार त्या कन्फर्मच्या पानाबद्दल आहे. समोरचे अकाउंट नवे असेल तर ती तारीख वस्तूच्या चित्राएवढी मोठी दाखवावी आणि दहा सेकंद बटण बंद ठेवावे, एवढे केले तर पुढच्या सात दिवसांची गरज अनेकांना पडणारच नाही.