अर्धं केळं उद्यासाठी

सोमवार, केमोचा दिवस

आजारपणात चित्र काढायचं असेल तर सुई टोचायच्या आधीच सांगून टाकावं, "सिस्टर, चित्र काढायचंय, डाव्या हाताला लावा." लिहित्या हाताला सुई बसली की मनगट वळवता येत नाही, आणि बळजबरीने वळवलं तर औषध शिरेबाहेर जायची भीती. स्तनाचं ऑपरेशन झालेल्या बाईने मात्र डॉक्टर सांगतील त्याच हाताला सुई घ्यावी, मग तो उजवा का असेना. डायलिसिसवाल्यांचं त्या मानाने बरं. फिस्टुला, म्हणजे सुई टोचण्यासाठी ऑपरेशनने तयार केलेली शीर, बहुधा कमी वापराच्या हातालाच केलेला असतो. तो हात चारेक तास स्थिर ठेवायचा, दुसरा मोकळा.

समोर सलाईनचं स्टँड असतंच. नळी ही पेन्सिल न उचलता ओढायची रेघ आहे: बाटलीपासून थेंब पडतात त्या कुपीत, तिथून खाली, क्लॅम्पच्या चाकावरून वळसा घेत पलंगाच्या कडेपर्यंत. नजर नळीवर, कागदावर फक्त वळणापुरती. कुपीतला थेंब बघत राहावा. आधी नुसता ओलावा दिसतो, मग पोट सुटतं, मान बारीक होते आणि मग तो तुटतो. कागदावर घ्यायचा तो मान बारीक झालेला. शेजारच्या पेशंटचा चेहरा विचारल्याशिवाय काढू नये. पलंगाखालच्या चपला चालतात, त्यांचा टाचेकडचा झिजलेला भाग तर फारच छान येतो.

मंगळवार

केमोबरोबर स्टेरॉइड दिलं असेल तर रात्री झोप येत नाही, हातही जरा थरथरतो. लांब रेघ आज नको. कोपर उशीवर टेकवून बोटभर लांबीच्या रेघा जोडत जायच्या. कडुनिंबाची साल, बाभळीचं खोड अशा खडबडीत गोष्टींना थरथरती रेघ उलट शोभते. काचेचा ग्लास आज काढायला घेतला तर नुसती चिडचिड होईल.

बोटं बधिर होणाऱ्यांनी पेन्सिलीला सुती चिंधी गुंडाळून वर रबरबँड लावावं. जाड पेन्सिल घट्ट धरावी लागत नाही. २बी किंवा ४बी घ्यावी, एचबीला जोर लागतो आणि ६बी सगळीकडे फासते. कागद ए५ आकाराचा, जरा जाडसर, १२० ते १५० जीएसएमचा. मोठा कागद रिकामा राहतो आणि आपल्यालाच खिजवतो. खाली परीक्षेचं क्लिपवालं पॅड, त्याच्याखाली उशी, म्हणजे मान वाकत नाही. उताणं झोपून बॉलपेन चालत नाही, शाई उलटी चढत नाही. पेन्सिलीला ती अडचण नाही.

गुरुवार

आज केळं. जळगाव-रावेरकडे घरात केळं नाही असं होत नाही, म्हणून विषय शोधायची दगदग वाचते. बहुतेक जण दोन सारख्या कमानी ओढतात, मग ते चंद्रकोरीसारखं दिसतं. खरं केळं सगळीकडे सारखं वाकत नाही. बाहेरची बाजू चार आखूड सरळ तुकड्यांत वळवावी, आतली बरीच सपाट ठेवावी. मग देठाकडून टोकाकडे धावणाऱ्या कडा. समोरून दोन किंवा तीनच दिसतात आणि टोकाशी जवळ येतात. दोन कडांमधली पट्टी सपाट आहे असं समजून छाया द्यायची: वरच्या पट्टीला कोरा कागद, मधलीला हलकी पेन्सिल, खालचीला गडद. गोलसर घोटत बसलं की केळ्याचं वांगं होतं. (भरताचं वांगं मळमळीच्या दिवशी काढायलाही घेऊ नये. नुसत्या आठवणीनेच पोट ढवळतं.)

आणि पूर्ण करायचं नाही. देठ, एक बाजू, थोडी सावली, बस. अंगात त्राण आहे तोवरच पेन्सिल खाली ठेवायची. दमून थांबलं की दुसऱ्या दिवशी वहीकडे बघवत नाही. आणि इथल्या उन्हाळ्यात ते केळं उद्या तसं राहत नाहीच. घासलेल्या कडांवर आधी तपकिरी, मग पोटावर ठिपके. उद्याचे ठिपके बघायला उद्या उठावं लागतं. "सगळं ठीक होईल" हे भेटायला येणाऱ्यांचं वाक्य मला कधी पेललं नाही, ठिपक्यांचं पेलतं. चित्राने गाठ विरघळत नाही. कुणी तसं सांगितलं तर मान डोलवावी आणि गोळ्या वेळेवर घ्याव्यात.

रविवार

केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत रक्तातल्या पांढऱ्या पेशी सर्वांत खाली जातात, म्हणून संसर्ग जपावा. पेन्सिल तोंडात धरायची सवय मोडावी, दुसऱ्याची पेन्सिल घेऊ नये, जलरंगाचं भांडं रोजच्या रोज ओतून धुवावं. रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट कमी असताना ब्लेडने टोक काढायचं नाही, शार्पनर किंवा शिसं पुढे सरकवायची क्लच पेन्सिल. छातीचा त्रास असेल तर कोळसा आणि कोरडे पेस्टल बंद, त्यांची भुकटी उडते.

दुपारी कूलर लावला की कागद ओलावा धरतो. पेन्सिल रुतते, रेघ फिकी उमटते, खोडलं की धागे निघतात. मे महिन्यात कूलर बंद ठेवा असं म्हणणाराच आजारी पडेल. वही प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावी, एकेक सुटा कागद बाहेर काढावा, आणि घामेजल्या हाताखाली कागदाची घडी ठेवावी.

खाटेवरून दिसतं तेवढंच जग, मग काढायचं काय, असं वाटतं तेव्हा चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस आठवावेत. स्वतःहून घरात कोंडून घेऊन त्यांनी कित्येक दशकं काढली, आणि टेबलावर छोट्या वस्तू मांडून, उजेड खेळवून फोटो घेतले. आपल्याकडे औषधांच्या बाटल्या, डबा, चमचा आहेच. उजेड एकाच बाजूने येऊ द्यावा, ट्यूबलाइट बंद. वर ट्यूब आणि बाजूला खिडकी असली की दोन सावल्या पडतात आणि डोकं गोंधळतं.

पेन्सिलच धरवत नसेल तर कागद फाडून चिकटवावा. फ्रेंच चित्रकार मातिसने १९४१ च्या ऑपरेशननंतर अंथरुणातून आणि चाकाच्या खुर्चीतून कात्रीने रंगीत कागद कापूनच मोठमोठी चित्रं केली. आपल्याला जुनं वर्तमानपत्र आणि खळ पुरते.

चित्राच्या कोपऱ्यात तारीख आणि कोणत्या हाताने काढलं ते लिहावं. फिक्सेटिव्ह, म्हणजे पेन्सिल पुसू नये म्हणून मारायचा फवारा, खोलीत मारायचं नाही, वासाने उलटी होते. दोन पानांमध्ये बटर पेपर घातला की पेन्सिल फासत नाही.