बंदूक नव्हती म्हणून यादीत नव्हती

२०१८ मधली गोष्ट. दक्षिण सुदानात यांबिओच्या भागात सशस्त्र गटांकडून मुलं सोडवायचं काम चालू होतं आणि मी बालसंरक्षणाच्या टीममध्ये होते. ऐकायला भारी वाटतं पण निम्मा वेळ जातो वय ठरवण्यात. जन्मदाखला कुणाकडेच नाही, मग विचारत बसायचं की २०११ ला देश स्वतंत्र झाला तेव्हा तू केवढा होतास, पाठचं भावंड चालायला लागलं होतं का, त्यावरून अंदाज बांधायचा. शंका आली तर मूलच धरायचं.

त्या दिवशी एका गटाच्या कमांडरने सोडायच्या मुलांची जी यादी हातात दिली त्यात सगळे मुलगेच. मुली? तर म्हणे आमच्याकडे मुली लढत नाहीत. हे उत्तर इतकं पाठ झालंय ना.

मागच्या बाजूला चुलीवर भलंमोठं पातेलं होतं आणि एक पंधरा-सोळा वर्षांची मुलगी ते ढवळत होती, हातांवर कोपरापर्यंत भाजल्याचे डाग, काही जुने काही अगदी ताजे. आरोग्य तपासणीच्या निमित्ताने तिला तंबूत बोलावलं, आत फक्त ती, मी आणि आमची झांदे बोलणारी दुभाषी. बाकीचं काही न विचारता म्हटलं, रोज किती जणांचं करतेस गं? तिने सांगितलेला आकडा यादीच्या जवळपास दुप्पट! मोठी माणसं वेगळी जेवतात, हे फक्त पोरांचं, असंही तिनेच सांगितलं. आणि आदल्या रात्री बऱ्याच पोरांना रानात पाठवलं म्हणून आज पीठ कमी भिजवलं.

आता हे कळलं तरी लगेच बोलायची सोय नव्हती. बाहेर येऊन कमांडरला म्हटलं असतं की बाकीची पोरं कुठायत, तर कोणी सांगितलं हे त्याला दोन मिनिटांत कळलं असतं आणि ती अजून त्याच्याच ताब्यात. म्हणून आधी तिला बाहेर काढायचं ठरवलं. तो अडून बसला, तिच्याकडे बंदूक कुठाय, ती तर घरच्यासारखी आहे वगैरे. घरच्यासारखी! म्हटलं साहेब, सशस्त्र गटांतल्या मुलांबद्दलची २००७ ची आंतरराष्ट्रीय पॅरिस तत्त्वं वाचा, स्वयंपाक करणारी, ओझी वाहणारी, निरोप नेणारी, सगळी मुलं यात येतात, बंदुकीची अट नाही. त्याचा काही परिणाम झाला नाही. मग सहकाऱ्याने लुबांगाचा विषय काढला, पलीकडच्या काँगोमधला बंडखोर म्होरक्या, १५ वर्षांखालची मुलं भरती करून लढाईत वापरली म्हणून २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने १४ वर्षं आत टाकला तो. हे नाव त्याला बरोबर माहीत होतं.

तिचं नाव यादीत चढलं. ती गाडीत बसून निघाल्यावर मग आम्ही सगळ्याच गटांना कळवलं की पडताळणी परत होणार, तेव्हा राहिलेली पोरं हजर करा. त्यातली काही आली, काही आलीच नाहीत, आणि त्यांचा माग काढायचं काम पुढे बरेच महिने चाललं.

सेंटरवर तिचा फॉर्म भरताना कुठलं प्रशिक्षण हवं असा रकाना होता. शिवणकाम, शेती, बेकरी असे पर्याय वाचून दाखवले. बेकरी म्हटल्यावर तिने दुभाषीला मध्येच थांबवलं आणि विचारलं, त्यात पण चुलीपुढेच उभं राहायचं का? शिवणकाम लिहिलं.