चाळीस खुर्च्या आणि एक घंटा

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला लेकीकडं येऊन तीन आठवडे झाले होते. गोल्डन गेट झाला, देऊळ झालं, इंडियन ग्रोसरीची तीन दुकानं तर पाठच झाली. मग मीच म्हटलं, मला तुमच्या राजधानीतली विधान परिषद दाखवा.

लेक म्हणाली, "आई, सॅक्रमेंटोला कुणी मुद्दाम जात नाही गं. एक इमारत आहे तिथं, आणि ऊन आहे."

तिला काय सांगणार? मी माध्यमिक शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं. ‘विधान परिषद हे स्थायी सभागृह आहे, दर दोन वर्षांनी एक-तृतीयांश सदस्य निवृत्त होतात’ हे वाक्य इतक्यांदा फळ्यावर लिहिलं की झोपेतही लिहीन. शिक्षक मतदारसंघाच्या रांगेत उभी राहून, तिथं मिळणाऱ्या जांभळ्या स्केचपेननं पसंतीचे १, २, ३ आकडेही घातलेत. इथल्या राज्याच्या वरिष्ठ सभागृहाला सिनेट म्हणतात. दिल्लीची राज्यसभा तशी वॉशिंग्टनची सिनेट, आणि आपल्या विधान परिषदेच्या जागी ही राज्याची. फरक एवढाच की इथं शिक्षक, पदवीधर, राज्यपालनियुक्त असे दरवाजे नाहीत. चाळीसही जण थेट जनतेतून निवडून येतात, चार वर्षांसाठी, आणि दर दोन वर्षांनी निम्म्या जागांची निवडणूक होते.

शनिवारी सकाळी फ्रीमाँटहून कॅपिटल कॉरिडॉरची गाडी धरली. मी, हे, लेक आणि नऊ वर्षांची नात. जावई घरीच थांबले, त्यांना गवत कापायचं होतं म्हणे. रिचमंड सोडलं की गाडी खाडीच्या अगदी कडेनं धावते, खिडकीला पाणी लागेल असं वाटतं. मार्टिनेझनंतर लांबलचक पूल आणि पलीकडं बेनिशिया. मी डब्यातून दशम्या काढल्या तेव्हा नातीनं आजूबाजूला पाहून घेतलं. तिची आई लहान असताना एस.टी.त असंच करायची.

गंमत म्हणजे ही गाडी या राज्याच्या राजधानीच्या मागं मागंच धावते. गाडी सुटते त्या सॅन होज़ेला १८४९ साली पहिलं विधिमंडळ भरलं. मग राजधानी व्हालेहोला गेली, तिथून बेनिशियाला, आणि १८५४ला सॅक्रमेंटोला. तिथंही सुख नव्हतंच. १८६२च्या पुरात गाव बुडालं. लेलंड स्टॅनफर्ड गव्हर्नरपदाची शपथ घ्यायला होडीतून गेले आणि विधिमंडळानं काही काळ सॅन फ्रान्सिस्कोत बस्तान हलवलं.

सॅन होज़ेच्या त्या पहिल्या सिनेटमध्ये फक्त १६ जण होते. त्यांत मारियानो व्हायेहो हे सोनोमाचे जुने मेक्सिकन जनरल होते, सांता बार्बराचे पाब्लो दे ला गेरा होते. मेक्सिकोकडून जिंकून घेतलेल्या मुलखातले जुने जमीनदार आणि सोन्यामागं आलेले नवे गोरे एकाच सभागृहात बसले. कायदे इंग्रजीबरोबर स्पॅनिशमध्येही छापायचे असं पहिल्या राज्यघटनेतच होतं. १८७९च्या घटनेनं ते काढून टाकलं. वर त्याच घटनेत चिनी माणसांना कंपन्यांनी कामावर ठेवू नये असं कलम घातलं. आणि त्याच घटनेनं सिनेटची संख्या ठरवून टाकली, ४०. ती आजतागायत चाळीसच आहे.

सॅक्रमेंटो स्टेशनवरून चालत गेलो. ऊन होतं, लेकीचं खरं होतं. पण कॅपिटॉलभोवतीची, म्हणजे इथल्या विधानभवनाभोवतीची, बाग बघून ह्यांचा जीव रमला. आपल्या हिमालयातले देवदार तिथं इतके उंच वाढलेत की मान दुखावी. इमारतीचं जुनं अंग पांढरंशुभ्र, मधोमध घुमट. मागचा भाग पाडून नवा बांधताहेत, त्यामुळं आमदार-सिनेटरांची कार्यालयं सध्या ओ स्ट्रीटवरच्या दुसऱ्या इमारतीत आहेत. दारात विमानतळासारखी तपासणी झाली, माझ्या पर्समधली आवळासुपारी दोनदा उघडून पाहिली गेली. आत फिरवून दाखवायला गाइड मिळते, पैसे पडत नाहीत.

सिनेटचं सभागृह गॅलरीतून पाहिलं. सगळं लाल. गालिचा लाल, पडदे लाल. असेंब्लीचं, म्हणजे इथल्या विधानसभेचं, सभागृह हिरवं. ब्रिटनच्या लॉर्ड्स आणि कॉमन्सचे हे रंग. खाली लाकडी डेस्क ओळीत मांडलेले, सभागृह १८६९ साली सुरू झालं तेव्हाचे. गाइड म्हणाली, असेंब्लीत बटण दाबून मतदान होतं, पण सिनेटमध्ये अजून एकेकाचं नाव पुकारतात आणि ज्यानं त्यानं तोंडानं हो किंवा नाही म्हणायचं. मला वर्गातली हजेरी आठवली.

मी मनात गणित मांडलं. शिक्षकीची खोड. १८८०च्या जनगणनेत कॅलिफोर्नियाची लोकसंख्या साडेआठ लाखांहून थोडी जास्त. भागिले ४०, म्हणजे एका डेस्कमागं २१-२२ हजार माणसं. तालुक्याचं एखादं मोठं गाव. २०२०च्या जनगणनेत लोकसंख्या ३ कोटी ९५ लाख. म्हणजे त्याच डेस्कमागं आता ९ लाख ८८ हजार! वॉशिंग्टनच्या प्रतिनिधिगृहातल्या इथल्या खासदारामागंही एवढी माणसं नसतात. डेस्क तेच, आकडा तोच, पण तिथं बसणारा माणूस कुणाचा, हे मात्र दर दोन-तीन दशकांनी बदलत गेलं.

आमच्या घोळक्यात मोडोक जिल्ह्यातले एक वयस्क शेतकरी होते, काउबॉयसारखी टोपी हातात धरलेली. ते गाइडला म्हणाले, "पूर्वी आमच्या दोन-तीन जिल्ह्यांचा मिळून एक स्वतःचा सिनेटर असायचा. आता अख्खा डोंगर एकाला दिलाय. गावाहून इथं यायला पाच तास लागतात, आणि आमचं ऐकतं कोण?" गाइड हसली आणि पुढच्या खोलीकडं वळली. मी मात्र त्यांच्याजवळ थांबले, कारण यांचं दुखणं कुठून आलं ते मी आदल्या रात्री वाचून आले होते.

१९२६ साली इथल्या मतदारांनी एक योजना मंजूर केली. कुठल्याही जिल्ह्याला एकापेक्षा जास्त सिनेटर नाही, आणि एका मतदारसंघात तीनपेक्षा जास्त जिल्हे नाहीत. लॉस एंजेलिस तेव्हा फुगत चाललं होतं. उत्तरेकडच्या लोकांना आणि शेतकऱ्यांना भीती होती की हे शहर सगळं राज्य गिळणार. पुढं झालं असं की १९६०च्या जनगणनेत लॉस एंजेलिस जिल्ह्यात ६० लाख ३८ हजार माणसं आणि सिनेटर एक. पूर्वेला सिएरा डोंगराकडच्या तीन जिल्ह्यांत मिळून १४ हजार २९४ माणसं आणि सिनेटर एक. भागाकार केला तर डोंगरातलं एक मत शहरातल्या ४२२ मतांच्या तोडीचं. गायी-गुरं, कालवे आणि खाणी यांचं ते सभागृह होतं, असं म्हटलं तरी चालेल.

यात सगळ्यात रंगतदार माणूस म्हणजे अर्ल वॉरन. स्वतः लॉस एंजेलिसमध्ये जन्मलेले. गव्हर्नर असताना १९४८ साली ही योजना बदलायचा प्रयत्न झाला तर त्यांनी विरोध केला. म्हणाले, काही जिल्ह्यांचं राज्याच्या जीवनातलं महत्त्व त्यांच्या डोकेमोजणीपेक्षा मोठं आहे. पुढं ते अमेरिकेचे सरन्यायाधीश झाले, आणि जून १९६४मध्ये अलाबामातल्या खटल्यात त्यांनीच निकाल लिहिला: लोकप्रतिनिधी माणसांचे असतात, झाडांचे किंवा एकरांचे नव्हेत, राज्याची दोन्ही सभागृहं लोकसंख्येच्या प्रमाणातच हवीत. जी योजना त्यांनी सांभाळली तीच त्यांच्या लेखणीखाली मेली. आपल्याकडं असं कुणी केलं असतं तर ‘घूमजाव’ म्हणून चार अग्रलेख पडले असते. मला विचाराल तर माणसानं खुर्ची बदलल्यावर बुद्धी वापरली, यात लाज ती कसली!

१९६६ला नव्या नकाशानं निवडणूक झाली. एका सिनेटरच्या लॉस एंजेलिसला एकदम डझनावर जागा मिळाल्या. आणि इथं मला उमगलं की नकाशा बदलला की चेहरेही का बदलतात. अख्ख्या जिल्ह्याला मिळून एकच माणूस असला तर छोट्या वस्त्यांना कोण विचारतो? मतदारसंघ वस्तीएवढे लहान झाले, तेव्हा त्याच वर्षी लॉस एंजेलिसमधून मर्विन डायमली सिनेटवर आले, तिथले पहिले कृष्णवर्णीय सदस्य. जन्म त्रिनिदादचा, आणि वडिलांकडून भारतीय रक्त! हे वाचून मी ह्यांना रात्री अकराला उठवलं होतं. त्याच खेपेस आल्फ्रेड साँग आले. हवाईतल्या मळ्यावर राबलेल्या कोरियन आईबापांचा मुलगा, तिथला पहिला आशियाई सिनेटर. ज्या घटनेनं चिन्यांना कामावर घेऊ नका म्हटलं, तिनंच ठरवलेल्या चाळीसांतली एक जागा.

शेतकरी आजोबांना मी हे सगळं बोलून दाखवलं नाही. त्यांचंही अगदी खोटं नाही. कुणाला तरी जागा मिळाली ती कुणाची तरी गेलीच.

त्याच १९६६ साली राल्फ डिल्स नावाचे गृहस्थही आले. त्याआधी १९३८ साली असेंब्लीवर निवडून आलेले, तरुणपणी सॅक्सोफोन वाजवून शिक्षणाचा खर्च भागवलेले. सिनेटमध्ये बसले ते १९९८पर्यंत, वय झालं ८८. त्यांना मतदारांनी पाडलं नाही, कायद्यानं उठवलं. १९९० साली लोकांनीच मत देऊन ठरवलं की सिनेटवर दोनच मुदती, म्हणजे आठ वर्षं. २०१२ला ते बदलून दोन्ही सभागृहं मिळून बारा वर्षं केलं. आपल्याकडं असा नियम आला तर किती तालुक्यांत उलथापालथ होईल याचा हिशेब मी आणि ह्यांनी पायऱ्यांवर बसून केला. बराच वेळ पुरला.

मी गाइडला विचारलं, पहिली बाई कधी आली?

ती म्हणाली, १९७६. मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. कॅलिफोर्नियात बायकांना मताचा हक्क १९११चा. १९१८ला असेंब्लीत चार बायका निवडून आल्या. आणि इथं वर यायला १९७६ उजाडावं? दिनुबा नावाच्या शेतकी गावच्या रोझ ॲन व्हुइच, त्या पहिल्या. सभागृहात भाषणाची सुरुवातच ‘जंटलमेन ऑफ द सिनेट’ अशी व्हायची. या बाईंनी डेस्कवर एक छोटी घंटा आणून ठेवली. कुणी नुसतं ‘जंटलमेन’ म्हटलं की किणकिण. न भांडता, न रागावता. सभागृहालगत बायकांसाठी स्वच्छतागृहदेखील नव्हतं. पुढं झालं, त्याला त्यांच्यावरून ‘रोझ रूम’ म्हणतात.

२०१८ला टोनी ॲटकिन्स सिनेटच्या पहिल्या महिला नेत्या झाल्या. २०२४च्या निवडणुकीनंतर चाळीसांत २१ बायका झाल्या, पहिल्यांदाच निम्म्याहून जास्त. लेकीनं फोनवर जुन्या अधिवेशनांची समूहछायाचित्रं शोधून दिली, लंबगोल चौकटीत एकेक चेहरा. एकेक वर बोटानं सरकवत गेले. आधी दाढ्या, मग नुसत्या मिशा, मग टाय आणि चष्मे, बराच काळ तेच ते. आणि मग एकाएकी एक बाई.

जेवायला बाकावर बसलो तेव्हा लेकीला विचारलं, तुमच्या भागाचा सिनेटर कोण?

"आयशा वहाब," ती म्हणाली, आणि जरा थांबली. २०२२ला निवडून आलेल्या, अफगाण कुटुंबातल्या. त्यांनीच २०२३ला जातिभेदाविरुद्धचं विधेयक आणलं होतं. दोन्ही सभागृहांत मंजूर झालं, पण ऑक्टोबरमध्ये गव्हर्नर न्यूसम यांनी सही नाकारली. आत्ताच्या कायद्यांत हे आलेलंच आहे, म्हणाले. आंबेडकरी संघटना विधेयकासाठी उपोषणाला बसल्या होत्या, आणि आम्हाला मुद्दाम लक्ष्य केलं जातंय म्हणून विरोध करणाऱ्या हिंदू संघटनाही इथं येऊन गेल्या. "त्या वर्षी गणपतीत आमच्याच ओळखीच्या दोन घरांचं जाणं-येणं थांबलं," लेक म्हणाली. "एकाच सोसायटीत राहतात." मी काही बोलले नाही. घरातून निघताना माणूस काय काय बांधून नेतो! माझं मत विचाराल तर कायदा असता तर कुणाचं बिघडलं नसतं. पण ते मी तिथं बोलले नाही, लेकीला तिथं राहायचंय.

"तू मत कुणाला दिलंस?"

"आई, मला मत कुठं आहे? अजून ग्रीन कार्डच्या रांगेत आहोत आम्ही."

पण मतदारसंघ आखताना सगळी माणसं मोजतात, नागरिक असोत-नसोत. म्हणजे त्या ९ लाख ८८ हजारांत माझी लेक आहे, जावई आहेत. मत फक्त नातीला मिळणार आहे, ती इथं जन्मली म्हणून, आणि त्यालाही अजून नऊ वर्षं.

नातीला या सगळ्यात एकच गोष्ट आवडली होती: घंटा. वस्तूंच्या दुकानात तिनं घंटा शोधली. तिथं अस्वलंच अस्वलं, अस्वलाचं चुंबक, अस्वलाचा मग. शेवटी चुंबकावर समजूत काढली आणि गाडी पकडली.

घरी आल्यावर तिनं देवघरातली घंटा उचलली. जावयांना इथल्या सवयीनं प्रत्येक वाक्याला ‘गाइज’ म्हणायची खोड. "ओके गाइज, जेवायचं का?" किणकिण. "गाइज, रिमोट कुठंय?" किणकिण. रविवारी संध्याकाळपर्यंत त्यांनी सतरा वेळा ऐकली. सोमवारी सकाळी मी पूजेला बसले तर घंटा जागेवर नव्हती. ती सापडली गराजमध्ये, गवत कापायच्या मशीनच्या मागं.